पंख्याचा आवाज

“आता दोघंही एकदम बोला,” प्रणाली म्हणाली. “थांबायचं नाही आणि एकमेकांकडे बघायचं नाही.”

मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये पुढे उभे केलेले दोन तांडेल, म्हणजे बोटींचे कप्तान, क्षणभर लाजले. मग एकाने पापलेटच्या भावाची आणि दुसऱ्याने आपल्या मेव्हण्याची कर्मकहाणी अशा तारस्वरात सुरू केली की पत्र्याखालची कबुतरं फडफडून बाहेर पडली. कोळीवाड्यातली तमाम बोटवाली मंडळी पोट धरून हसू लागली.

“काय कळलं?” प्रणालीने हात वर करून विचारलं.

“या दोगांना घरात कोन बोलू देत नाय, येवरं कललं!” मागून कुणीतरी ओरडलं.

“शाब्बास. म्हणजे एकाचंही कळलं नाही. नेटवर्कचा पहिला नियम तुम्हीच सांगितलात. रस्ता एकच असेल तर एका वेळी एकानेच बोलायचं. आधी ऐकायचं, कोणी बोलत नाही ना हे पाहायचं, मग तोंड उघडायचं. नाहीतर दोघांचंही वाया जातं.”

प्रणाली मुंबईहून आलेली इंजिनिअर होती. हंगाम सुरू होण्याआधी बोटींवर जी नवी यंत्रं बसायची होती, त्यांची माहिती द्यायला ती आली होती. तिने फळ्यावर किनारा काढला, चार होड्या काढल्या. नव्या यंत्रातून आवाज जाणार नव्हता, लिहिलेला मजकूर जाणार होता. मजकुराचे लहान लहान तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो, तुकडा पोहोचला की तिकडून पोच येते, आणि पोच येईपर्यंत यंत्र तोच तुकडा पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. हे सगळं तिने लग्नाच्या पत्रिकांचं उदाहरण देऊन सांगितलं. पत्रिका नुसती पाठवून भागत नाही, मिळाली की नाही हे विचारावं लागतं, नाहीतर मामा रुसतो. कोळीवाड्याला मामाचं रुसणं ताबडतोब पटलं.

दाराजवळच्या खुर्चीवर बसलेल्या हरेश्वरला या पत्रिकांची गरज नव्हती. तरुणपणी त्याने आयटीआयमधून रेडिओ मेकॅनिकचा कोर्स केला होता. अलिबागला दुकान चालवलं, ते मोबाइलच्या लाटेत बुडाल्यावर सोसायटीच्या वायरलेसवर येऊन बसला, आणि तेव्हापासून समुद्रावरच्या बोटींना किनाऱ्याचा म्हणून जो आवाज ऐकू येई, तो त्याचाच. बोलून झालं की बटण सोडा, समोरच्याला उत्तराची सवड द्या, ऐकलं असेल तर तसं सांगा, हे धडे इथल्या प्रत्येक तांडेलाने त्याच्याच शिव्या खात गिरवले होते. त्याला सगळे नाना म्हणत.

“जुना वायरलेस काही लगेच जाणार नाही,” प्रणाली पुढे म्हणाली, “म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बोलणारा सेट बहिरा असतो. बटण दाबलेलं असेतोवर त्याला काही ऐकू येत नाही. आणि किनाऱ्यावरच्या मोठ्या सेटचं बटण कधी दाबलेलं राहिलं, तर लांबच्या बोटीही एकमेकींना बहिऱ्या होतात. गंमत म्हणजे ते कोणाच्या लक्षातही येत नाही. प्रत्येकाला वाटतं, चला, आज सगळं शांत आहे.”

गंमत हा शब्द हरेश्वरच्या बरगडीत रुतला. मान न वळवता त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून मागच्या भिंतीकडे पाहिलं. एका बोटीचा तांडेल विनेश तिथे पाठ टेकून उभा होता. बसायला जागा होती, पण त्याच्या शेजारी बसावं लागू नये म्हणून लोक अवघडतात हे ओळखून तो हल्ली उभाच राही. प्रणालीचं वाक्य त्याने इतरांसारखंच ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

माहिती संपली आणि सोसायटीचा चेअरमन कमलेश यंत्रं वाटायला उठला. विनेशचं नाव आलं तेव्हा त्याने खोका हातातच धरला.

“तुला आताच कशाला रं? आदी खलाशी तर मिलव. यंत्र काय एकटंच जाल ओढनार हाय?”

हसू उमटलं, पण मघासारखं मोकळं नाही. विनेश पुढे आला, त्याने खोका घेतला, सही केली आणि कोणाकडे न बघता निघून गेला. नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली होती. सगळ्यांच्या बोटींवर माणसं ठरली होती, विनेशच्या बोटीवर एकही नाही. ज्या बोटीची हाक किनाऱ्याला ऐकू जात नाही, त्या बोटीवर पाय ठेवायचा नाही, असं कोळीवाड्यातल्या खलाशांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. या पौर्णिमेला बोट निघाली नाही, तर ती वाळूवरच सुकणार आणि विनेश दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जाणार, हे सर्वांना दिसत होतं.

हे असं कशामुळे झालं, ते एकट्या हरेश्वरला माहीत होतं.

वायरलेसची खोली देवळाला लागून होती. दर मंगळवारी तिन्हीसांजेला देवीची आरती होई आणि झांजांचा आवाज खिडकीतून आत येई. एका मंगळवारी हरेश्वरने सहज माइक खिडकीशी नेऊन बटण दाबून धरलं. आरती संपल्यावर समुद्रावरून चार बोटींनी एकापाठोपाठ सांगितलं, की हात जोडून उभे राहून ऐकली, डोळे भरून आले. तेव्हापासून तो रिवाजच पडला. आरतीभर बटण दाबून अंगठा दुखे, म्हणून हरेश्वरने सायकलच्या ट्यूबचं एक रिंगण कापून ठेवलं. ते माइकवर चढवलं की बटण आपोआप दाबलेलं राही. हे नियमात बसत नाही हे तो जाणून होता. पण नियमाला अपवाद देवीसाठीच करतो आहोत, या समाधानात त्याला त्याची बोच कधी जाणवली नाही.

माघातल्या त्या मंगळवारी देवळाच्या पंचांनी त्याला ऐन आरतीत बोलावणं पाठवलं. समुद्रावर आरती नेणाऱ्या माणसाचा सत्कार होता. हरेश्वर नको नको म्हणत गेला. आरती संपली, शाल आली, नारळ आला, पंचांची भाषणं झाली. हरेश्वरनेही भाषण केलं, आणि ते लांबलं. प्रसाद घेऊन, पाया पडणाऱ्यांच्या डोक्याला हात लावत लावत तो खोलीत परतला, तेव्हा सेटवरचा लाल दिवा जळत होता आणि सेटची पाठ इस्त्रीसारखी तापली होती. छताचा जुना पंखा खडखडत फिरत होता. माइक उघडाच होता. आरती केव्हाच संपली होती, आणि त्यानंतर सबंध समुद्रावर तो पंख्याचा आवाज पाठवत राहिला होता.

त्याने रबर ओढून काढलं. सेट लगेच मोकळा झाला, पण कोणाची हाक आली नाही. कोणी बोलवलं नसेल, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि शालीची घडी घातली.

त्या रात्री विनेशची बोट आली ती तिच्यावरच्या जखमी खलाशाला, रतनला घेऊन. जाळं ओढताना दोर विंचवर, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या रहाटावर, चढला आणि रतनचा उजवा हात त्याखाली गेला. अलिबागला नेलं. हात कोपराखालून काढावा लागला. आणखी लवकर आणला असता तर वाचला असता, असं डॉक्टरांनी रतनच्या आईला, ठमाबाईला सांगितलं. सोसायटीत विचारणा झाली. विनेश म्हणाला, मी वायरलेसवर सारखा बोलवत होतो, कोणी उत्तर दिलं नाही. बाकीचे तांडेल म्हणाले, आम्हाला कोणाची हाक ऐकू आली नाही. मग कमलेशने हरेश्वरकडे वळून विचारलं, “नाना, तुमाला ऐकू आलं काय?”

“नाही आलं,” हरेश्वर म्हणाला.

उत्तर खरं होतं. खोटं असतं तर कदाचित कधीतरी मागे घेता आलं असतं. विनेशने बॅटरीकडे दुर्लक्ष केलं, असा निकाल त्या खऱ्या उत्तरावर लागला, आणि हरेश्वर तेव्हापासून खोलीतला पंखा लावेनासा झाला. उन्हाळ्यात सुद्धा. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला सांधेदुखी जडली.

प्रणालीच्या वर्गानंतर तो घरी गेला नाही. वाळू तुडवत सरळ विनेशच्या बोटीशी गेला. विनेश एकटाच बोटीच्या पोटाला राळ भरत होता.

“यावा, नाना. बसा त्या टोपलीवर. च्या न्हाय मिलनार, बायको माहेरी गेली.”

“चहा नको.” हरेश्वर बसला नाही. “विनेश, त्या मंगळवारचं बोलायचं होतं.”

विनेशचा हात थांबला. मग पुन्हा चालू लागला. “सोरा नाना. मी कोनाला बोललो काय? मना ठावं हाय.”

हरेश्वर पुढे सरकला. “काय ठाऊक आहे?”

“मी हाक मारून बटन सोरलं का तुमच्या खोलीतला पंखा ऐकू यायचा. खडखड, खडखड. त्यो आवाज काय मी विसरेन? म्हंजे सेट चालू व्हता आनि तुमी समोर बसलेले व्हतात. तुमचा डोला लागला असल. आरती, सत्कार, दिवसभराची दगदग. म्हातारा मानूस, व्हतं कदी.” त्याने राळ अंगठ्याने फटीत दाबली. “सभेत बोललो असतो त लोकांनी तुमाला त्या खोलीतून उठवलं असतं. आमच्या बापाला वादलात तुमीच खाडीत आनलावता, आवाज देऊन देऊन. मंग माजं तोंड उघडंना.”

हरेश्वरला क्षमा मिळाली होती, पण भलत्याच गुन्ह्याची. नुसती मान हलवली असती तरी ती घरी नेता आली असती.

“मी झोपलो नव्हतो,” तो म्हणाला. “मी खोलीत नव्हतोच. देवळात शाल घेत होतो. बटणावर रबर तसंच राहिलं.”

विनेशने हातातला राळेचा गोळा खाली ठेवला. “मंग पंखा?”

“तोच तर. माझा सेट पंख्याचा आवाज पाठवत होता, म्हणून तो तुला ऐकू आला. तू बोलत होतास ते मला ऐकू येणंच शक्य नव्हतं. मी तिथे बसलेला असतो तरी. बाईंनी आज सांगितलं तेच. बोलणारा सेट बहिरा.”

“आनि कमलेशची बोट? तिची बत्ती दिसत व्हती मना, किनाऱ्याच्या अंगाला. तिचं मशीन मोठं. तिनं रतनला घेतला असता त…”

“त्यालाही पंखाच ऐकू आला असेल, आणि नाना खोलीत आहे असं समजून तो निश्चिंत झाला असेल. माझा सेट उंचावरचा, जोरदार. तुझा आवाज त्याखाली गेला.”

विनेश हळूहळू उठला. हाताची राळ त्याने लुंगीला पुसली, मग तेवढी पुसली गेली नाही म्हणून वाळूत हात घासले.

“रतनचा दंड आवलून धरायला मानूस कमी पडत व्हता,” तो म्हणाला. “तरी मी सेट सोरला न्हाय. पंखा ऐकू येतो, म्हंजे नाना हाय, आता बोलंल, आता बोलंल. त्या आशेवर किती वेल घालवला मी.”

हरेश्वर टोपलीवर बसला.

“जा तुमी, नाना.” विनेशने पाठ फिरवली. “आनि ह्ये माज्याजवल बोलून काय व्हनार? सभेत बोला.”

नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी सोसायटीची सभा असते. हरेश्वर उभा राहिला. आयुष्यभर जशी वर्दी दिली तशीच त्याने ही दिली: आधी स्वतःचं नाव, मग वेळ, जागा आणि काय घडलं ते. रबराचं रिंगण त्याने टेबलावर ठेवलं. विनेशची बॅटरी चांगली होती, दोष त्याचा नव्हता, माझा होता, असं म्हणून तो थांबला आणि शिव्यांची वाट पाहू लागला.

मग कमलेश उठला, त्याने हरेश्वरच्या खांद्यावर हात ठेवला आणि सभेकडे वळून म्हणाला, “बघा रं, येला म्हंतात मानूस! विनेशला खलाशी मिलत न्हाय, म्हनून म्हाताऱ्यानं सगलं सोतावर घेतलं.”

“मी घेतलं नाही. घडलं ते सांगतोय.”

“नाना, आवो देवीच्या आरतीनं कोनाचा हात जाईल काय? तुमीच सांगा.”

“आरतीनं नाही. आरती संपल्यावर बटण…”

“ऱ्हावद्या, ऱ्हावद्या. तुमचं मन मोठं, ठावं हाय आमाला.”

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. हरेश्वरने पुन्हा सांगितलं, या वेळी फळ्याशी जाऊन, प्रणालीने काढलेल्या पुसट होड्यांवर बोट ठेवत. लोक आदराने ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यांवर असा भक्तिभाव होता की त्यातून शब्द आत शिरेना. एक बुजुर्ग तांडेल तर म्हणाला, पुढच्या वर्षी नानांचा पुन्हा सत्कार करू. भिंतीशी उभा असलेला विनेश खाली बघत होता.

तेवढ्यात कोपऱ्यातून रतनने विचारलं, “नाना, आरतीच्या मागून नुसताच पंखा ऐकू येत व्हता, त्यो?”

सगळे वळले. रतन सहसा बोलत नसे. रिकामी बाही त्याने नीट दुमडून पिनेने टाचली होती.

“हो,” हरेश्वर म्हणाला. “तोच.”

“मी डेकवर आडवा व्हतो. मनाबी ऐकू येत व्हता.” रतन उठला. “मी समजलो का मी मेलो आनि घरी निजलोय.”

तो बाहेर गेला. त्याच्या मागे कोणी गेलं नाही. कमलेशने घसा खाकरून पुढचा विषय घेतला.

हरेश्वर रात्रभर जागा राहिला असं नाही. त्याला उलट चांगली झोप लागली, आणि सकाळी त्याचीही त्याला लाज वाटली. त्याने वायरलेसच्या खोलीची चावी पूनमच्या हातात दिली. पूनम सोसायटीचं ऑफिस सांभाळे आणि प्रणालीचं प्रशिक्षण तिने पहिल्या रांगेत बसून घेतलं होतं. “माइकला काही बांधायचं नाही,” एवढंच तो तिला म्हणाला. मग एका पिशवीत दोन कपडे आणि औषधं भरून तो किनाऱ्यावर आला.

नारळ वाहून झाला होता. ढोल थांबले होते, भरती चढत होती आणि बोटी एकेक करून पाण्यात लोटल्या जात होत्या. विनेशची बोट रंगवून, फुलं बांधून तयार होती. तिच्यापाशी विनेश एकटा उभा होता. शेजारी ठमाबाई कमरेवर हात देऊन उभी होती. मुलाचा हात गेल्यापासून ती विनेशशी बोलत नसे, पण बोटी निघताना किनाऱ्यावर यायचं तिने आयुष्यात चुकवलं नव्हतं.

हरेश्वर गुडघाभर पाण्यात शिरला आणि बोटीची कड धरून वर चढू लागला. पाय वर जाईना.

“आता ह्यो कुनीकरं निगाला?” ठमाबाई मोठ्याने म्हणाली. “वो नाना! आरसा बघितलाव काय सकालला? बोटीवर तुमचा उपेग काय? नांगर म्हनून टाकनार काय तुमाला?”

बायका हसल्या. हरेश्वर धापा टाकत म्हणाला, “बाई, विनेशला माणूस पाहिजे.”

“मानूस पायजे, म्हातारा नको!”

“माझ्यामुळे गेला हात रतनचा,” तो म्हणाला. सभेतली वर्दी नव्हती ही. कड धरून, अर्धवट लोंबकळतच तो तिला म्हणाला. “विनेशमुळे नाही. माझ्यामुळे.”

ठमाबाईचं हसू विरलं. काल सभेहून आल्यावर रतन घरी काय बोलला होता ते तिने सांगितलं नाही. ती पाण्यात उतरली, तिने हरेश्वरच्या ढुंगणाखाली खांदा दिला आणि पोतं ढकलावं तसं त्याला बोटीत ढकलून दिलं.

“जा,” ती म्हणाली. “तिकरं जाऊन बघा, काय ऐकू येतंय नि काय न्हाय.”

मग तिने मागे वळून कोणाला तरी हाक मारली. गर्दीतून रतन आला. त्याने चपला काढून आईच्या हातात दिल्या, डाव्या हाताने कड धरली आणि एका उडीत वर आला.

ज्याचा हात त्या बोटीवर गेला, तोच त्या बोटीवर चढला, हे किनाऱ्याने पाहिलं. मग सुक्या वाळूवरून दोन पोरगेले खलाशी धावत आले, पिशव्या डोक्यावर धरून. विनेश त्यांच्यावर खेकसला, “आता आटवलं काय रं तुमाला?” पण त्यांच्या पिशव्या घेऊन त्याने बोटीत टाकल्या.

बोट खाडीच्या तोंडाबाहेर पडली आणि लाटा वाढल्या. हरेश्वर डोलकाठीला पाठ टेकून बसला होता. समोर रतन जाळ्याचा दोर बांधत होता. एक टोक त्याने दातांत धरलं होतं, दुसरं डाव्या हातात. गाठ दोनदा निसटली. हरेश्वर सरकत पुढे गेला आणि त्याने आपला हात पुढे केला.

रतनने हाताकडे पाहिलं. टोक त्याने दातांतून सोडलं नाही. मान मागे ताणून, डोळे बारीक करून त्याने गाठ तिसऱ्यांदा घातली, पायाच्या अंगठ्याने दाबली आणि करकचून आवळली. हरेश्वरचा हात तसाच पुढे राहिला.

मग रतन वाकला. बोटीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात तेलाचा कापलेला डबा तरंगत होता. तो उचलून त्याने त्या हातात दिला.

“पानी काडा, नाना,” तो म्हणाला.

हरेश्वर गुडघ्यांवर बसला आणि पाणी उपसू लागला.